मदत हवी आहे: एक फोन, एक टीव्ही, एकतीस पोरं. फुकटातली कोणती ऑनलाइन साधनं वर्गात खरंच चालतात?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

त्र्यंबक तालुक्यात हरसूलच्या बाजूला आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, दोन्ही वर्ग एकाच खोलीत. पट 31. मी नाशिकहून रोज ये-जा करते. गेल्या वर्षी गावाने वर्गणी काढून 43 इंची टीव्ही घेऊन दिला. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो ग्रुपवर गेले. आता बहुतेक दिवस त्याच्यावर सरांच्या घरून आणलेली चादर असते. नेट म्हणजे माझाच फोन, तोही खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला तर दोन काड्या.

केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत आम्हाला मोफत साधनांची लांबलचक यादी मिळाली. घरी बसून एकेक उघडून बघितलं. निम्म्यांना प्रत्येक पोराच्या हातात टॅब लागतो. एका प्रश्नमंजुषेवाल्याने प्रत्येक मुलाचा ई-मेल मागितला. आमच्याकडे आई-बापांचाही ई-मेल नाही, दुकानदाराने फोन चालू करून देताना काढलेला असतो तेवढाच. दुसऱ्याचं 'फुकट' चौदा दिवसांचं निघालं, आणि ते संपलं नेमकं सोमवारी पहिल्या तासाला. मग म्हटलं, साधा व्हिडिओच लावू. 'पाऊस कसा पडतो' रंगात आलं असताना मध्येच झटपट कर्जाची जाहिरात. मी रिमोट शोधतेय तोवर चौथीतला एकजण म्हणतो, "मॅडम, खाली कोपऱ्यात दाबा, ती जाते."

मला चकाचक काही नकोय. अडचण वेगळी आहे. "समजलं का?" म्हटलं की एकतीस तोंडांतून एकच "हो" येतो. मुलं घरी कोकणी बोलतात (किनाऱ्यावरची नव्हे, आमच्या डोंगरातली). वर्गात प्रमाण मराठीत उत्तर द्यायची वेळ आली की अर्धी गप्प. कुणाला कळलंय आणि कोण नुसता सूर मिळवतंय, हे मला तपासायला घेतलेल्या वहीवरून कळतं, म्हणजे दोन दिवस उशिरा. एका फोनवर यासाठी काही होतं का? शिवाय चौथीचे अपूर्णांक आणि वाचनाला काही मिळालं तर सोन्याहून पिवळं. लिंका नकोत, त्या भरपूर आहेत. वापरून बघितलेलं सांगा.

डोंगरगुरुजी

मॅडम, मी पेठ तालुक्यात. तुमचं दुखणं ते माझं दुखणं.

पहिलं काम, वर्गात नेटवर विसंबणं सोडा. बालभारतीच्या पुस्तकावर क्यूआर कोड आहेत ना, ते सरकारच्या मोफत दीक्षा ॲपमधून रात्री घरी स्कॅन करून व्हिडिओ उतरवून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी नेट नसलं तरी चालतात, जाहिरातीची कटकट नाही. सगळेच चांगले आहेत असं नाही, काही म्हणजे नुसतं पुस्तक मोठ्याने वाचलेलं. आधी स्वतः बघा.

दुसरं, पेनड्राइव्ह. आमचा टीव्ही पीडीएफ उघडत नाही हे कळायला मला एक महिना लागला, तो वाया गेला. गोष्टींची पानं फोटो करून, 01, 02 अशी नावं देऊन टाकतो. शून्य विसरलात तर पहिल्या पानानंतर दहावं पान येतं आणि ससा गोष्ट सुरू व्हायच्या आधीच जिंकतो.

खटपट्या

तुम्हाला प्लिकर्स हवंय. पोरांच्या हातात फक्त कागद असतो.

त्यांच्या साइटवर 40 कार्डांचा संच फुकट मिळतो, तो छापायचा. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी चौकटीची नक्षी आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. पोराला जे उत्तर वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कुणाचं काय उत्तर ते स्क्रीनवर. नक्षी प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून फिरवता येत नाही. फुकट खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न बसतात, पण तुम्हाला एका तासाला तीन पुरे. थोडं नेट लागतं, तुमच्या त्या खिडकीचं चालून जावं. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित झाला की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही.

अपूर्णांकांसाठी फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा 2002 पासूनचा प्रकल्प आहे, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी सुरू केलेला. बरीच सिम्युलेशन्स (स्क्रीनवर स्वतः हलवून-बदलून बघायचे प्रयोग) मराठीत आहेत. एकेक फाइल उतरवून लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडा, वायरलेसच्या नादी लागू नका.

सिडकोची आई

मी शिक्षक नाही, पालक आहे, तरी मधे बोलते. मुलांची नावं, फोटो, जन्मतारखा कुठल्याही साइटवर टाकू नका हो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येकजण मूलच धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आमच्या पोराचं पूर्ण नाव आणि इयत्ता एका खेळाच्या 'टॉप टेन'मध्ये सगळ्या जगाला दिसत होती. मॅडमना वाटलं कौतुक आहे. हजेरीचे नंबर टाका, नावं तुमच्या वहीत ठेवा.

जुनाखडू

राग मानू नका, पण अपूर्णांक शिकवायला कोलोरॅडो कशाला? भाकरी घ्या, चार तुकडे करा. तीस वर्षं तेच केलं, पोरं शिकली.

खटपट्या

काका, भाकरी करा की. प्रश्न भाकरीचा नाहीये. कुणाला कळलं हे बघण्याचा आहे.

डोंगरगुरुजी

वाचनाचं राहिलंच. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा, 2015 पासून आहे. मराठी गोष्टी ढिगाने, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. परवाना खुला आहे, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून छापा, बदला, भाषांतर करा, कुणी विचारणार नाही. आमच्याकडे एक गोष्ट मुलांच्या आज्यांकडून कोकणीत करून घेतली आणि मराठीच्या खाली हाताने लिहिली. मुलं आधी खालची ओळ वाचतात, मग वरची.

गूगलचं रीड अलाँगही आहे, मूल मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकून अडलेला शब्द दाखवतं. मराठी आहे, गोष्टी उतरवल्या की नेट नको. पण वर्गात नाही जमणार, तीस जणांचा गलका त्यात शिरतो. मी व्हरांड्यात एका वेळी एक मूल बसवतो, पाच-पाच मिनिटं.

पाटीपेन्सिल (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय. सगळ्यांचे मनापासून आभार, जुनाखडू काकांचेसुद्धा. का ते सांगते.

कार्डं शरणपूर रोडला जाड कागदावर छापून घेतली. ए-बी-सी-डी फार बारीक, आणि तिसरीला अजून गोंधळ होतो, म्हणून नक्षीला धक्का न लावता मागच्या बाजूला कडेकडेने मार्करने क-ख-ग-घ लिहिलं. पहिल्यांदा मी ते उलटं लिहिलं. कार्ड फिरवून धरलं की मागून डावं-उजवं बदलतं हे डोक्यातच आलं नाही, आणि अख्ख्या वर्गाचं 'ख' मला 'डी' दिसत होतं. सहा कार्डं फुकट गेली. नावं टाकली नाहीत, नंबरच.

मग चौथीला विचारलं, 3/4 मोठा की 3/8? आधी नेहमीप्रमाणे "समजलं का?", नेहमीप्रमाणे "हो". कार्डं वर झाली, फोन फिरवला. चौदांपैकी नऊ जणांनी 3/8. आठ चारापेक्षा मोठा ना, म्हणून. त्या नवात आमची मॉनिटरही, जिचा "हो" सगळ्यात मोठा असतो. आणि बरोबर आलेल्या पाचांत एक मुलगा आहे जो जूनपासून माझ्याशी दहा वाक्यं बोलला नसेल. मी त्याला पास-नापासच्या काठावरचा धरून चालले होते. वाईट वाटलं, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या ताईंकडून नाचणीच्या दोन सारख्या भाकऱ्या करून घेतल्या. एकीचे चार, दुसरीचे आठ तुकडे. तीन-तीन उचलून शेजारी ठेवले. तो बोलत नाही म्हणते ना, तो उठला आणि कोकणीत सगळ्यांना समजावायला लागला. मला अर्धंच कळलं, त्यांना पूर्ण. नंतर तेच फेटवर टीव्हीत दाखवलं, लाइट होती तोवर. पुन्हा कार्डं वर, तर दोघंच चुकले. म्हणजे काका, भाकरीच. फक्त कुणाला वाढायची ते कागदाने सांगितलं.

तिसरीला जिल्हा शिकवताना गूगल अर्थवर ब्रह्मगिरीपासून गोदावरीच्या काठाकाठाने गंगापूर धरण, रामकुंड, नांदूरमध्यमेश्वरपर्यंत गेले. घरच्या वायफायवर स्क्रीन रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर नेलं. पोरांनी नदी बाजूला ठेवून शाळेचा निळा पत्रा शोधायला लावला. तो रेकॉर्डिंगमध्ये नव्हताच. पुढच्या वेळी शाळेपासून सुरुवात.

आता नवीन अडचण. द्राक्षाच्या कामाला आमची काही कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे जातात, त्यांच्याबरोबर सहा मुलं जातील. कुणाच्या घरचा फोन रात्रीच मिळतो, कुणाचा मिळतच नाही. त्यांच्याबरोबर काय पाठवू?

डोंगरगुरुजी

कागद पाठवा. स्टोरीवीव्हरच्या दहा गोष्टी मराठी-कोकणी दोन्ही ओळींसकट छापून, मधे स्टेपल करून. फोन रिचार्जअभावी बंद पडतो, पुस्तक नाही. जिथे जातील तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना निघायच्या आधी फोन करून नावं सांगा, मागाहून शोधत बसावं लागतं. आमच्याकडच्या त्या गोष्टीची ओळन् ओळ फोटो काढून तुम्हाला पाठवतो, तुमच्याकडची कोकणी थोडी वेगळी असेल, आज्यांकडून तपासून घ्या.

पाटीपेन्सिल

पाठवा गुरुजी, वाट बघते. कार्ड नंबर 17 पावसात भिजून नक्षी उतरली, सोमवारी तेही छापायला टाकायचंय, एकदमच सगळं करून आणते.