मतदारयादीतून गळलेली नावे आणि वर्गणीच्या तारखा

सप्रेम नमस्कार,
वार्षिक सर्वसाधारण सभेच्या मतदारयादीसाठी मी गूगल शीट्समध्ये क्वेरी (अटीनुसार नोंदी निवडणारे सूत्र) लिहून गुढीपाडव्यापासून, म्हणजे ९ एप्रिल २०२४ पासून, वर्गणी भरलेल्या सभासदांची नावे काढली. २५ एप्रिलला वर्गणी भरलेल्या एका काकूंचे नाव तीत नाही, आणि ५ मार्चला भरलेल्या एका कुटुंबाचे नाव मात्र आले आहे. क्वेरीतील कोणती अट बदलावी?
— सदस्यत्व समिती

सप्रेम नमस्कार,
दोष अटीत नसून तारखांच्या स्तंभात आहे. आपली शीट अमेरिकी पद्धतीवर असल्यामुळे ती महिना आधी धरते, तर आपले बहुतेक सभासद दिवस आधी लिहितात. ‘२५/०४/२०२४’ मध्ये पंचविसावा महिना संभवत नसल्याने ती नोंद तारीख न होता नुसता मजकूर राहिली. ‘०५/०३/२०२४’ ही नोंद मात्र कोणतीही सूचना न देता ३ मे होऊन बसली. एकाच स्तंभात तारखा आणि मजकूर मिसळले की क्वेरी बहुसंख्य नोंदींचा प्रकार ग्राह्य धरते व उरलेल्या रिकाम्या समजते, म्हणून काकू यादीबाहेर गेल्या.

मजकूर राहिलेल्या नोंदी ‘इझटेक्स्ट’ फंक्शनने लगेच सापडतील. मला खरी काळजी उलटलेल्या तारखांची वाटते, कारण त्या दिसायला निर्दोष असतात आणि शीट आता भारतीय पद्धतीवर नेली तरी त्या आपोआप सुलट होत नाहीत. ज्या तारखांत दिवस १२ किंवा त्याहून कमी आहे, त्यांतील प्रत्येक नोंद बँक स्टेटमेंटशी ताडून पाहावी, असा माझा आग्रह आहे. काम कंटाळवाणे आहे, परंतु वर्गणी भरलेल्या सभासदाचा मताधिकार त्यावर अवलंबून आहे.

त्यानंतर अटीत तारखेआधी ‘डेट’ हा शब्द लिहून, एकेरी अवतरणात २०२४-०४-०९ अशी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने ती द्यावी. ऑनलाइन अर्जाच्या नोंदीत वेळही असते. त्यामुळे ‘२९ मार्च २०२५ पर्यंत’ अशी अट घातल्यास ती त्या दिवसाच्या आरंभीच, रात्री बारा वाजता, संपू शकते आणि दिवसभरातील भरणा सुटतो. त्याऐवजी ‘३० मार्चच्या आधी’, म्हणजे पुढच्या पाडव्याच्या आधी, अशी अट ठेवावी.
— संकेतस्थळ समिती

सप्रेम नमस्कार,
कोषाध्यक्षांकडे स्टेटमेंट मागितले आहे. पडताळणी पूर्ण होईपर्यंत मतदारयादी प्रसिद्ध करणार नाही.
— सदस्यत्व समिती