यमक जुळलं आणि पोपट झाला: या, अनुभव सांगा

धागा काढणारा, राजारामपुरी

पाऊस थांबायचं नाव घेईना, रंकाळ्यावरची चक्कर बंद झालीय, म्हणून इथं गप्पांचा हा धागा. मला आता कळून चुकलंय की आपल्या कोल्हापुरात दोन प्रकारची माणसं लई आहेत. एक, भुताचे, खुनाचे, परग्रहावरचे पिक्चर बघून आल्यावर कुणी विचारलेलं नसताना हातभर परीक्षण लिहिणारी. दुसरी, गॅस संपला, नळाला पाणी आलं नाही, असल्या गोष्टींवर वात्रटिका पाडणारी. माझ्यासारखी काही खुळी दोन्ही करतात. तर प्रश्न एवढाच की या लिहायच्या नादात तुमचा कधी घोळ झालाय का? कोण चिडलं, कोण बोलायचं बंद झालं, कुणाला जेवण घालून मिटवायला लागलं, सगळं सांगा.

माझा आधी सांगतो. एक खुनाचा पिक्चर शुक्रवारी पहिल्याच शोला बघितला आणि घरी येईपर्यंत डोक्यात दोन ओळी तयार. गाडी लावली, हेल्मेट काढायच्या आधी अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकल्या:

दोन तास पोलीस हिंडले सगळ्या नगरात,
सुरी मात्र सापडली आत्याच्या पदरात.

नगरात आणि पदरात! मी स्वतःवरच खूश. ‘नाद खुळा’ येतील म्हणून वाट बघत बसलो. वर पोचतोय तोवर तिसऱ्या मजल्यावरनं सेक्रेटरींचा फोन. त्यांनी रविवारची अकरा तिकिटं काढलेली, सासरवाडीसकट. ‘आता आम्ही काय आत्याचा पदर बघायला जायचं का?’ असं विचारलं त्यांनी. पुढं दोन महिने गच्चीवरची टाकी धुवायच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. पिक्चर तसा बरा होता, इंटर्व्हलनंतर जरा ताणलाय.

शिरोली एमायडीसी, नाईट शिफ्ट

भावा, तुझं टाकीवर भागलं. मी फौंड्रीत क्वालिटीला आहे. दिवसभर ब्लोहोल, कोल्ड शट, सँड इन्क्लुजन असले कास्टिंगमधले, म्हणजे ओतकामातले दोष बघायचे, त्यामुळं पिक्चरचं परीक्षण पण मी इन्स्पेक्शन रिपोर्टसारखंच लिहितो, मित्रांना तेच आवडतं. एका हॉरर पिक्चरबद्दल लिहिलं की सुरुवातीला सरफेस फिनिश चांगलं, इंटर्व्हलनंतर पटकथेत ब्लोहोल, क्लायमॅक्सला कोल्ड शट, कास्टिंग एकदम बोगस, आख्खा लॉट रिजेक्ट. आणि रात्री अडीचला अर्धवट झोपेत हे सगळं मित्रांच्या ग्रुपऐवजी पुण्याच्या कस्टमरच्या ग्रुपवर गेलं. बरं, पिक्चरचं नाव वरच्या वेगळ्या मेसेजमध्ये होतं, ते नेमकं मित्रांच्याच ग्रुपवर पडलं.

सकाळी सातला मॅनेजर माझ्या घरी. घरी! कस्टमर विचारतोय कुठला लॉट, किती पीस, गाडी निघालीय का. मी सांगतोय साहेब कास्टिंग म्हणजे नट-नट्या ओ, हिरोईन, तिचा बाप. ते म्हणतात शिरोलीत कास्टिंग म्हटल्यावर माणूस काय समजणार? बरोबरच आहे त्यांचं. आता मी ‘पात्रनिवड’ असा शब्द वापरतो, शाळेतल्या पुस्तकासारखा वाटतो, पण नोकरी आहे.

गंगावेशीतला नातू

हा घोळ माझा नाही, आजोबांचा. वय ८१, तरुणपणी तालमीत लाल मातीत गेलेले, खासबागेच्या मैदानात गदा नाही मिळाली पण लढलेत. मी मित्राला फोनवर सांगत होतो की झोंबीचा पिक्चर आलाय, लई भारी आहे. आजोबांनी ऐकलं आणि पटका काढून तयार. आपल्याकडं झोंबी म्हणजे दोघं एकमेकांना भिडणार हेच की. मला वाटलं, म्हाताऱ्याला नवं काहीतरी बघायचंय, मी पण समजावून सांगितलं नाही.

थिएटरात पहिली वीस मिनिटं शांत बसले. मग पडद्यावर ती सगळी प्रेतं हात पुढं करून चालायला लागल्यावर आजोबा मोठ्यानं, ‘आरं, ह्यातल्या एकाला बी पट काढाया येत न्हाई.’ पुढची रांग वळून बघायला लागली. ‘नुस्ती अंगावर पडत्यात. ढाक न्हाई, घिस्सा न्हाई, वस्ताद कोन ह्यांचा?’ मागनं कुणीतरी शिट्टी मारली, आजोबांना वाटलं पंचाची. शेवटी हिरो एकटाच उरला तेव्हा म्हणाले, ‘ह्यो जित्तलाय पर ह्येची कुस्ती निकाली न्हाई.’

घरी येऊन मी ते जसंच्या तसं लिहून काढलं आणि खाली माझं नाव घातलं. आजपर्यंत माझ्या कुठल्याच लिखाणाला एवढी दाद मिळाली नव्हती. आजोबांना कळलं तेव्हा म्हणाले, दुसऱ्याच्या डावावर गदा घेतोस व्हय. चार दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

मंगळवार पेठ, निवृत्त शिक्षिका

मी हळदीकुंकवाला गेलो होतो. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: मी बाईच आहे, आमच्यात बायका पण आलो-गेलोच म्हणतात, याच्यावर दरवेळी प्रश्न नको.) तिथं उखाणा घ्यायचा आग्रह. चाळीस वर्षं चांदीच्या ताटात जिलेबीचे तुकडे काय नि काय तेच चाललंय. आदल्या रात्री लेकाबरोबर भुताचा पिक्चर बघितलेला, तेच तोंडात आलं:

दिवा विझला, दार वाजलं, मांजर गेलं आडवं,
…रावांचं घोरणं ऐकून भूत म्हणलं, बाई मला सोडवं!

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. वाण लुटायचं राहिलं बाजूला, सगळ्या म्हणायला लागल्या आम्हालाही असला एक द्या. दीड तासात सात उखाणे पाडले, कुणाच्या नवऱ्याच्या टकलावर, कुणाच्या नवऱ्याच्या बुलेटवर, एकीचा नवरा मटण आणायला जातो म्हणून निघतो आणि रस्सा मंडळातच जेवून येतो, त्याच्यावर. ते सगळे नवरे आता रस्त्यात दिसले की मान वळवून जातात. आमच्या ह्यांनी मात्र एकच तक्रार केली, की मी घोरत नाही. यमकाला ‘घोरणं’च बसत होतं असं सांगितलं, तर म्हणाले यमक शेवटी असतं, घोरणं मध्ये आहे. गणित शिकवायचे ते, सोडत नाहीत.

कुणीतरी जाणकार

‘आडवं’ आणि ‘सोडवं’ ओढूनताणून आहे. मूळ रूप ‘सोडव’. मात्रा पण मोजा.

परत मंगळवार पेठ

भूत अडाणी होतं.

शुक्रवार पेठ, पंचगंगेच्या बाजूला

आमच्याकडं पावसाळ्यात गुड मॉर्निंग कुणी म्हणत नाही, ‘किती फूट?’ म्हणतात. नदीचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे पहिलीतल्या पोराला पण पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सामान वर चढवताना मी भिंतीवर खडूनं लिहिलं होतं:

माळ्यावर जाऊन आधीच बसलाय शेजारचा बोका,
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.

लिहिलं आणि नातेवाइकांकडं उचगावला निघून गेलो. नंतर आठ-दहा दिवसांनी परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल, फ्रिज आडवा, गाद्यांचं तर विचारूच नका. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली आणि ती रेघ बरोबर दोन ओळींच्या मधनं गेलेली. इशारा-धोका पुसलं गेलं, बोका राहिला. बायको चिखल उपसत होती, तिनं वर बघितलं आणि हसायला लागली, मग रडायला लागली, मग परत खोरं घेतलं. घर रंगवताना तेवढा तुकडा सोडलाय. घोळ म्हणाल तर बोका खरंच माळ्यावर होता. आम्ही निघताना बघितलंच नाही. शेजाऱ्यांनी आल्यावर उतरवला, वाळून काटकी झालेला, पण जिवंत. अजून माझ्याकडं बघून गुरगुरतो.

कसबा बावडा

सगळे परीक्षणं लिहिणारेच बोलताय, मी पलीकडच्या बाजूनं सांगतो. मी एका पिक्चरमध्ये भूत होतो.

नाव सांगत नाही, चार दिवसांत उतरला तो. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका वाड्यात शूटिंग, मी मेलेला इनामदार. धोतर, फेटा, आणि पायात कोरं करकरीत पायताण. कोल्हापुरी कोरं असताना कसं चावतं हे तुम्हाला सांगायला नको, दोन दिवस तेल पाजून मऊ करायला लागतं, तेवढा वेळ कुणाला होता? रात्री दहा ते पहाटे पाच मी त्या वाड्यात चाललो. डाव्या टाचेला हा एवढा फोड. लंगडत होतो, दिग्दर्शक ओरडत होता नीट चाला ओ इनामदार. पायताण वाजत पण होतं, करकर करकर. आवाज जागेवरच रेकॉर्ड केलेला आणि डबिंगला पैसे नव्हते, त्यामुळं ती करकर तशीच राहिली.

पिक्चर आल्यावर कुणा हौशी माणसानं मोठं परीक्षण लिहिलं. भूत डाव्या पायानं लंगडतं, त्यात सरंजामशाहीचं अपंगत्व दाखवलंय. पायताणाची करकर म्हणजे कुळांच्या छळाचा आवाज. साउंड डिझाइनला पाचपैकी पाच. मी ते वाचून घरात एकटाच हसलो, मग टाचेवरचा वण बघितला. दिग्दर्शकाला पाठवलं तर त्याचं उत्तर आलं, ‘हेच तर मला म्हणायचं होतं.’

पण दुसऱ्या एकानं लिहिलं, एक स्टार, ‘भूत मूर्खासारखं उभं राहतं’. माझ्या भाच्यानं ते आईला वाचून दाखवलं. आई नुसतं एवढंच म्हणाली, कुठल्या सीनला रे? मी सांगितलं, विहिरीजवळच्या. तिथं जनरेटर बंद पडलेला, सगळे म्हणाले हलू नका, लाईट आली की तिथनंच घेऊ. वीस मिनिटं उभा होतो, लाईट आली तेव्हा मला कळलंच नाही की कॅमेरा चालू झालाय. आईनं तो सीन मोबाईलवर परत लावायला सांगितला, दोनदा बघितला आणि म्हणाली, थंडी वाजत असणार तुला.

लिहा तुम्ही, लिहू नका असं नाही म्हणत. त्या एक स्टारवाल्याला एकदा ते पायताण घालून बघ म्हणावं.

खरी कॉर्नर

बावडेकर, तुमची परंपरा जुनी आहे. आमच्या कोपऱ्यावर तो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज त्याच्याखाली गाड्या लावतो आपण. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० च्या ‘सैरंध्री’ मूकपटात कीचकवध असा दाखवला की लोकांना तो खराच वाटला, शेवटी सीन कापायला लागला. म्हणजे भीतीच्या पिक्चरमध्ये आपण शंभर वर्षं पुढं आहोत, आणि अजून ग्रुपवर कोण ना कोण लिहितंच, ‘मराठीत हॉरर जमत नाही’. मागच्या दिवाळीत मी आमच्या साडूंना हे ऐकवलं. ते म्हणाले, त्या कीचकाला किती स्टार? मी विषय बदलला.

उद्यमनगर

माझा छोटा आहे. उसाच्या ट्रॉलीमागं अडकल्यावर चार ओळी सुचल्या, गाडी बाजूला न घेता लिहायला लागलो, मागच्या रिक्षानं ठोकलं. ओळी आठवत नाहीत. बंपर साडेचार हजार.

धागा काढणारा, परत

काय एकेक भेटलाय! बावडेकर, रविवारी घरी या, तांबडा-पांढरा करतो, येताना ते पायताण आणा, एकदा हातात घेऊन बघायचंय.

आणि एक सांगायचं राहिलं. हा धागा मी काल रात्री दोनपर्यंत वाचत बसलो होतो. सकाळी उठलो तर कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाच्या रकान्यात आमच्या हिचं अक्षर:

परीक्षण लिहितात रात्री दोनला, नावं ठेवतात भुताला,
सकाळी म्हणतात झोप आली, तूच जा की दुधाला.

अठरा वर्षांत हिनं एक ओळ लिहिलेली मला माहीत नाही. गुपचूप गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन, भिजत, समोर काढलेलं म्हशीचं दूध घेऊन आलो. वाटेत उत्तर जुळवत होतो, पण ‘भुताला-दुधाला’ला ‘सुताला’ आणि ‘पुताला’च्या पुढं गाडी जाईना. कुणाला काही सुचलं तर टाका, मला संध्याकाळपर्यंत हवंय.