पागाची शिसं ओतताना सुरकुत्या आणि भोकं पडतायत, मदत हवी आहे

कर्लीकाठ
पागाला, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याला, कडेने लावायची शिसं ओततोय. साच्यातून काढली की अंगावर सुरकुत्या, काहींना बारीक बारीक भोकं, आणि काही तर एका टोकाला अर्धीच भरलेली. पाग मामांनी विणून तयार ठेवलाय. मृगाचा पाऊस लागला, खाडीचं पाणी गढूळ झालं, बोय मासळी आत यायला लागली आणि मी इथे शिशापाशी अडकलोय. विकतची शिसं घ्या असं कृपया सांगू नका. नेमकं काय करायचं तेवढं सांगा, घाई आहे.

सड्यावरचा
शिसं कुठलं? साचा कशाचा? जाळ कशाचा? यातलं काहीच लिहिलं नाहीत. फोटो तरी टाका.

कर्लीकाठ
शिसं भंगारवाल्याकडचं. साचा दगडी, दोन फाळींचा, दोरीच्या भोकासाठी मधून सळई जाते. गोळी नेहमीची.

वाशिष्ठी
नेहमीची म्हणजे केवढी? बोयच्या पागाची गोळी वेगळी आणि तांबोशी-जिताड्यासाठी भारी पाग करतात त्याची वेगळी. आमच्याकडे चिपळूणला आम्ही विकतचीच आणतो. आयती मिळतात, वजनाला सारखी असतात आणि दोन दिवसांचा खटाटोप वाचतो.

निवतीचे आबा
शिसा वितळवक कित्याक व्हया? शिशाचो पत्रो घेवचो, पट्टयो कापायच्यो, दोरयेर गुंडाळायच्यो आणि हातोडेन ठोकायच्यो. आमच्या बापाशीन जन्मभर तसाच केल्यान. जाळ नको नि साचो नको.

तंगूस
आबा, सुती धाग्याच्या पागाला ते चाललं. आता पाग तंगूसाचे (नायलॉनच्या एकेरी धाग्याचे) असतात. ठोकलेल्या पट्टीची कड उघडी राहिली की पहिल्याच फेकीत जाळ्याचे दोन डोळे कापले जातात. ओतलेली गोळी गुळगुळीत असते, जाळ्यात अडकत नाही आणि पाग गोल उघडतो.

निवतीचे आबा
कड आत दुमडूची लागता. ठोकूक येवक व्हया.

जुना ओतारी
मी बरीच वर्षं ओतकामात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरकुत्या म्हणजे साचा थंड आहे. शिसं ३२७.५ अंशांना वितळतं. वितळल्या वितळल्या थंड दगडात ओतलंत तर भिंतीला लागताच त्याचं कातडं धरतं आणि मागून येणारं शिसं त्या कातड्यावरून घसरतं. त्याच सुरकुत्या. टोक अर्धं राहतं तेही याच कारणाने. साचा आधी शेगडीच्या कडेला ठेवून हळूहळू तापवा (दगड एकदम जाळावर धरला तर तडकतो) आणि शिसं ३८० ते ४०० अंशांच्या दरम्यान ठेवा. पहिल्या काही गोळ्या साचा तापवण्यापुरत्याच असतात, त्या परत भांड्यात टाका. उलट गोळीवर दहिवर पडल्यासारखा पांढुरका खर आला तर साचा जास्त तापलाय, थोडं थांबा.

भोकं मात्र मला जास्त काळजीची वाटतात. ती दमटपणाची असू शकतात. दगड कुठला? जांभा असेल तर आत्ताच थांबा. जांभा पाणी पितो आणि वरून कोरडा दिसतो. थेंबभर पाणी शिशाखाली अडकलं की त्याची क्षणात वाफ होते, ती पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा मागते आणि वरचं सगळं शिसं तोंडावर उडतं. वितळलेल्या भांड्यात नवा तुकडा टाकतानाही हेच. तुकडा आधी भांड्याच्या काठावर तापवून कोरडा करा, मग आत सोडा. पावसाळ्यात पडवीत हे काम करायचं असेल तर पागोळ्यांपासून लांब. डोळ्यांना चष्मा, अंगात सुती कपडे, पायात बूट. चप्पल नको.

कर्लीकाठ
जांभा नाही. करडा मऊ दगड आहे, नखाने ओरखडा उठतो. मामांच्या वडिलांच्या वेळचा साचा. जाळ करवंट्यांचा. शिशात गाडीच्या चाकाला तोल साधायला लावतात ती वजनं आहेत आणि थोड्या बॅटरीतल्या पाट्या.

सड्यावरचा
हे आधी सांगायला हवं होतं ना!

जुना ओतारी
मऊ करडा म्हणजे शंखजिऱ्याचा दगड असणार. साच्याला उत्तम, तो बदलू नका.

पण बॅटरीच्या पाट्या बाजूला काढा. वितळवू नका, फोडूही नका. त्यात आम्ल असतं, पाटीवरची भुकटी म्हणजे शिशाचीच संयुगं, आणि पाटीच्या आतल्या जाळीच्या शिशात अँटिमनी, कॅल्शियम, कधी आर्सेनिकही मिसळलेलं असतं. अशा शिशावर धरलेल्या मळीला पुढे पाणी लागलं तर फार विषारी वायू निघू शकतो. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात द्यायची, तिचे पैसे वजा होतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ त्यासाठीच आहेत.

चाकाच्या वजनांतही हल्ली जस्ताची आणि लोखंडाची निघतात. पक्कडीने दाबून बघा. शिसं दबतं, जस्त दबत नाही. एखादं जस्ताचं चुकून गेलंच तरी ते ४१९.५ अंशांपर्यंत वितळत नाही, वर तरंगतं, पळीने काढून टाका. म्हणून ४०० च्या वर जायचं नाही. एकदा जस्त मिसळलं की शिसं लापशीसारखं होतं आणि साचा धड भरत नाही. तुमचं टोक अर्धं राहण्यात त्याचाही हात असू शकेल.

वाशिष्ठी
करवंट्यांच्या जाळावर ४०० अंश कोण मोजणार? विकतची घ्या म्हटलं ते याचसाठी.

तंगूस
मोजता येतं. भट्टीचा तापमापक ऑनलाइन मिळतो, पाग विणायला गेलेल्या दिवसांपुढे त्याची किंमत काहीच नाही. माझ्या काकांनी सुक्या काडीवर अंदाज घेतला. काडी बुडवून लगेच तपकिरी झाली की ओतायचं, पेटायला लागली की जाळ कमी.

जुना ओतारी
काडीवर विसंबू नका. प्रत्येक लाकूड वेगळं करपतं. तापमापकच घ्या.

काजूबाग दोडामार्ग
विषय निघालाच आहे तर विचारतो. रानडुकरांनी बागेची वाट लावली आहे. आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. तिच्यासाठी अशाच साच्यात गोळ्या ओतता येतील का? माप काय ठेवायचं?

सड्यावरचा
नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. दारूगोळा बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली वेगळा परवाना लागतो. परवाना आजोबांच्या नावाचा असेल तर तुम्ही ती बंदूक वापरूही शकत नाही, आधी तो विषय परवाना देणाऱ्या कार्यालयात मार्गी लावा. आणि डुक्कर मारायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी हवी. नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज करा. मी भाताचा केला होता, पैसे मिळाले, वेळ लागला.

काजूबाग दोडामार्ग
भरपाईने कलमं परत येत नाहीत. पण मुद्दा कळला.

रानवाट
त्यात शिकारीचं मांस खाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शिशाची गोळी अंगात शिरली की तिचे बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात पसरतात. कॅलिफोर्नियात मेलेली जनावरं खाऊन कॉन्डॉर गिधाडं शिशाच्या विषबाधेने मरायची, म्हणून तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. गळाच्या शिशालाही हे लागू पडतं. ब्रिटनने १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशांवर बंदी आणली कारण राजहंस ती खड्यांबरोबर गिळत होते. पाग तुटला की गोळ्या खाडीतच राहतात. लोखंडी साखळी लावून बघा ना.

तंगूस
साखळीचा पाग मी फेकलाय. शिशाची घनता ११.३४, लोखंडाची ७.८७. तेवढ्याच वजनाला साखळी जाड होते, पाग सावकाश बुडतो आणि बोय खालून निसटते. खाऱ्या पाण्यात गंजतेही.

रानवाट
मासा सुटला तर सुटला. चढणीच्या, म्हणजे पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या मासळीवर तरी पाग टाकू नका एवढी विनंती. अंडी भरलेली मासळी वहाळात मारली तर पुढच्या वर्षी कुठून येणार?

निवतीचे आबा
चढणीचा मासा वहाळातलो, बोय खाडीतली. दोन येगळे इषय.

डॉ. माडबन
धुराबद्दल कोणी विचारलं नाही, पण सांगणं भाग आहे. ४०० अंशांना शिशाची वाफ फारशी होत नाही. मळी काढताना उडणारी राखाडी भुकटी आणि हाताला लागलेलं शिसं पोटात जातं तोच खरा धोका. मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि त्यांच्यासाठी सुरक्षित म्हणावं असं शिशाचं प्रमाण ठरवता आलेलं नाही. मुलं आणि गरोदर बाई जवळपास नको. शिशाची कढई आणि पळी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. कामाचे कपडे वेगळे धुवा. पाग फेकताना दोरी दातात धरायची सवय असते, ती शिशाच्या बाजूने धरू नका.

कर्लीकाठ
सगळ्यांचे आभार. पाट्या बाजूला काढल्या, कडक वजनं वेगळी केली, साचा तापवला. सुरकुत्या गेल्या. भोकं कमी झाली, पण वरच्या टोकाला एक खळगा अजून येतोय.

जुना ओतारी
तो खळगा आकुंचनाचा. शिसं थिजताना आक्रसतं आणि कमी पडलेलं वरून ओढून घेतं. ओतायचं तोंड थोडं रुंद करा आणि वर शिशाचा ढीग राहील इतकं ओता, नंतर छाटून टाका. साच्याच्या मिटणाऱ्या तोंडावर सुईने केसाएवढ्या रेघा बाहेरपर्यंत काढा, हवा निघून जाईल. आतून आणि सळईला दिव्याची काजळी धरा. तेल लावू नका, तेलाचीही भोकं पडतात. ओतण्याआधी मेणाचा तुकडा टाकून ढवळा, मळी वर येते. मेण पेट घेतं, तोंड लांब ठेवा.

तपासायची पद्धत: गोळ्या एकेक तोला, जी हलकी भरेल ती फोडून आत पोकळी आहे का बघा. मग किलोभर गोळ्या दोरीला बांधून काट्याला लटकवा आणि बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. शिसं चांगलं असेल तर काटा ९१० ग्रॅमच्या आसपास दाखवेल. बराच खाली गेला तर भेसळ आहे किंवा आत हवा आहे.

कर्लीकाठ
हे उद्या करतो. एकूण किती शिसं लागेल?

तंगूस
पागाचा घेर किती हात आणि डोळा किती बोटांचा? ते अजून सांगितलंच नाहीत.