विज्ञान दिन घरातच करा की
कुणीतरी लिहिलंय की २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मुलांच्या वाट्याला फक्त रामन यांचा फोटो आणि भाषण येतं, अगदी पटलं. मुलांना हातानं करू द्या ना काहीतरी! आम्ही लेकीबरोबर पांढऱ्या फडक्यावर हळदीचं पाणी लावून वाळवतो, वर ओला साबण चोळला की डाग लालसर होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा, कारण हळदीतलं कुरकुमिन अल्कलीत (म्हणजे साबणासारख्या, आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात) रंग बदलतं. कुकरचंही सांगा, आत दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं म्हणून डाळ पटकन शिजते. आणि पुण्यात असाल तर मेच्या मध्याला दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीत बाटली उभी करून ठेवा, सूर्य बरोबर डोक्यावर असल्यानं सावलीच गायब! जुलैअखेरीस परत होतं हे, पण तेव्हा ढग असतात त्यामुळे मे चुकवू नका.