एमआरआयमध्ये सी ५-६ ची गादी, मुंग्या मात्र करंगळीला. नस दबलीय कुठे?

मोगरा७: आईची (वय ५८) मान आणि उजवा हात दीड महिना दुखतोय. एमआरआयमध्ये सी ५-६ ला (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये) गादी बाहेर आलीय, नस किंचित दबलीय, असं आहे. मुंग्या मात्र करंगळीत आणि अनामिकेत येतात, रात्री जास्त. कॉलर लावलीय, ट्रॅक्शन (मान ताणून धरायचा उपचार) सुचवलंय. घ्यायचं का?

फिजिओकट्टा: ट्रॅक्शन जरा थांबवा, आधी हिशेब जुळतो का बघा. मानेत मणके ७, पण नसांच्या जोड्या ८. पहिल्या सात नसा आपापल्या नंबरच्या मणक्याच्या वरून निघतात, म्हणून ५-६ मधली गादी दाबते ती सहावी नस. ती अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे जाते. मधलं बोट सातवीचं, करंगळी आठवीची. म्हणजे रिपोर्टातली गादी करंगळीच्या मुंग्यांचा खुलासा करत नाही. पन्नाशीनंतर काहीच त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही अशा गाद्या सर्रास दिसतात.

हातमनगट: राहता राहिल्या दोन शक्यता: आठवी नस, नाहीतर कोपराच्या आतल्या खोबणीतून जाणारी अल्नर नस (आपटली की झिणझिण्या येतात ना, तीच). कोपर पूर्ण दुमडून, मनगट मागे वाकवून एक मिनिट धरायला सांगा. मुंग्या वाढल्या तर संशय कोपरावर. मग कापसाचा बोळा फिरवा. अनामिकेची फक्त करंगळीकडची बाजू बधिर असेल तर बहुधा अल्नर. बधिरपणा मनगट ओलांडून आतल्या बाजूनं कोपराकडे चढत असेल तर ती नव्हे, तिथल्या कातडीची संवेदना अल्नरकडे नाही. मान मागे आणि दुखऱ्या बाजूला झुकवल्यावर कळ हातात उतरली, तर मानच. डोक्यावरून दाब द्यायची तपासणी घरी करू नका.

मोगरा७: चाळीस सेकंदांतच मुंग्या आल्या. बधिरपणा मनगटापर्यंतच, अनामिका अर्धीच.

हातमनगट: मग रात्रीचं कोडं सुटतंय. कोपर दुमडून झोपलं की नस ताणली जाते. झोपताना कोपराभोवती टॉवेल गुंडाळून सैलसर बांधा, हात जेमतेम अर्धा वाकेल इतपत. फोन कानाला धरून बोलणं आणि टेबलाच्या कडेवर कोपर टेकणं बंद. डॉक्टरांना दाखवून एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी तपासणी) करून घ्या, कोपरापाशी वेग मंदावतोय का हे मुद्दाम बघायला सांगा.

फिजिओकट्टा: मानेचं दुखणं वेगळं असू शकतं, दोन्ही एकत्र सापडतात. कॉलर फार दिवस नको, स्नायू ढिले पडतात. बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, तो मज्जारज्जूवरचा दाब असू शकतो. आणि अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग डाव्या हाताशी ताडून बघा. तिथं खड्डा पडायला लागला असेल तर टॉवेलवर थांबू नका.