मीटर इथं बनवायचं कशाला? (जरा लांब लिहिलंय, वाचा)

ओहमवाला:
परवा एकानं टाकलं, "रिगॉल या चिनी कंपनीचा स्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) एवढ्या स्वस्तात मिळत असताना इथं इन्स्ट्रुमेंट डिझाइन करणं म्हणजे हौस, धंदा नव्हे." रात्रभर डोक्यात राहिलं. अहो, स्कोप बनवतो असं म्हणतंय कोण? मी सोलापुरात अक्कलकोट रोडला मोटर रिवाइंडिंगवाल्यांसाठी, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्यानं गुंडाळणाऱ्यांसाठी, मिलिओहम मीटर बनवतो, ओहमचा हजारावा भाग मापणारं. मोठ्या मोटरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आत, साध्या मल्टिमीटरच्या वायराच तेवढं दाखवतात, मग मापणार काय? चार वायरी लावायच्या, दोनमधून करंट, दोनवर व्होल्टेज, की वायरीचा हिशोब संपला. तांब्याचा रेझिस्टन्स डिग्रीमागे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २५ डिग्रीला घेतलेलं रीडिंग आणि आपल्या मे महिन्यातल्या ४३ ला घेतलेलं, सात टक्के फरक. मी आणलेल्या बाहेरच्या स्वस्त मीटरात याची सोय नव्हती. इथं उन्हात काम करणाऱ्यालाच हे सुचतं.

बेंचवाला:
सगळं मान्य, पण तुमच्या डब्यात एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) कुठला? ज्याच्याशी तुलना करून मापता तो रेफरन्स व्होल्टेज कुठला? बाहेरचाच ना. रिगॉलच्या डीएस१०५२ई स्कोपमध्ये सेकंदाला ४० मेगासॅम्पल (४ कोटी मापं) घेणारे एडीसी १०० वर पळवले, दहा चॅनेल आळीपाळीनं लावून १ गिगासॅम्पल (१०० कोटी) काढले. अशी हिंमत हजारोंनी माल खपत असेल तरच होते. तुम्ही महिन्याला किती विकता?

ओहमवाला:
एडीसी बाहेरचा, नाकारत नाही. पण डिझाइन माझं. बिघडलं तर माणूस दोन तासात माझ्या दारात येतो.

पेठेतला:
सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा सरकारी शिक्का, मिळाला, पुढं काय झालं? बाहेरचा माल सोलापुरी म्हणून स्टेशनवर विकला जातोय. गिऱ्हाईक वजन बघत नाही, भाव बघतं. मीटरचंही तेच होणार.

लूमवाला:
चादरीचं मधे आणू नका. माझ्या वडिलांनी जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) आयुष्य काढलंय. नक्कल करणाऱ्यानं सूत हलकं वापरलं, दोष त्याचा, आणि ऐकून आम्ही घेतो. चादर एकदा धुतली की फरक कळतो, पण तोवर पैसे गेलेले असतात. नुसत्या शिक्क्यानं काय होतंय, तपासणारा माणूस पाहिजे.

पेठेतला:
तपासणारा कोण आणणार? चाळीस वर्षं ऐकतोय हे. मिलचे भोंगे बंद झाले तेव्हापण हेच बोलत होते सगळे.

लूमवाला:
तुम्ही भोंगा ऐकलाय फक्त, तुमच्या घरी चूल बंद पडली नव्हती. बोलायच्या आधी विचार करा.

मास्तर:
दोघंही थांबा, मूळ मुद्द्यावर या. कॉलेजात पोरं बंद डब्याचे नॉब फिरवून जर्नल भरतात, आत काय आहे कुणाला माहीत नाही. टेक्ट्रॉनिक्स या स्कोप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये अख्खा सर्किट डायग्राम असायचा, मी त्यावरच शिकलो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रात एक्स्पआइज बनलं, कॉम्प्युटरला जोडून प्रयोग करायचा छोटा डबा, पण खुला, आत बघता येतं. ओहमवाले, तुम्ही डायग्राम देता का?

ओहमवाला:
देतो सर. प्रत्येक डब्यात छापून.

बेंचवाला:
मग उद्या चिंचोळी एमआयडीसीतला कोणी कॉपी करेल, रडत बसाल.

ओहमवाला:
करू दे. तुम्हाला एक सांगतो. माझा हेल्पर पॅनलवर ४१५ व्होल्ट मापायला गेला, मीटर करंट रेंजवर राहिलं होतं, म्हणजे जवळजवळ शॉर्टच. स्वस्तातलं, आत साधी काचेची फ्यूज. ट्रान्सफॉर्मर जवळच, मोठा आर्क झाला, मीटर हातात फुटलं, तळवा भाजला. मीटरवर कॅट ३, ६०० व्होल्ट (पॅनलवर वापरायला सुरक्षित असा दर्जा) छापलं होतं. वाळू भरलेली एचआरसी फ्यूज (प्रचंड करंट तोडू शकणारी) असती तर तिनं आर्क आतच विझवला असता. ती फ्यूज महाग पडते म्हणून वगळतात. त्या दिवसापासून किमतीची भाषा माझ्याकडं कोणी करू नये.

बेंचवाला:
हे आधी सांगायचं होतं ना. फ्यूजचं पटलं. बाकी नाही पटलं, धंदा म्हणून मला अजून शंका आहे. माझ्याकडं १५ एचपीची रिवाइंड केलेली मोटर पडलीय, तिन्ही फेज सारख्या येत नाहीयेत. मीटर घेऊन या शनिवारी, बघू काय दाखवतंय.

लूमवाला:
मी पण येतो. आणि पेठेतले, तुम्ही चादर घेऊन या, वजन करून दाखवतो.