सपाट तळव्यांसाठी घोट्याखाली इम्प्लांट: करावं का? लवकर सांगा

ओवी_ची_आई: लेकाचे तळवे सपाट आहेत. डॉक्टर टायटॅनियमचं छोटं इम्प्लांट बसवू म्हणतात. शुक्रवारपर्यंत तारीख कळवायची आहे. करावं की नाही, एवढंच सांगा. इन्सोल कृपया सुचवू नका, झालंय ते करून.

चिकित्सक_चिंटू: वय? दुखतं का? एक पाय की दोन्ही?

वाळूतला_राजा: अनवाणी वाळूत चालवा. आमच्याकडे सगळ्यांचे ओले पाय फरशीवर अख्खे उमटतात. आजोबांनी त्याच पायांनी आळंदी ते पंढरपूर वारी केली.

ओवी_ची_आई: वारीचं विचारलं नव्हतं. वय दहा, दोन्ही पाय. खेळून आला की घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतं, बुटाची टाच आतून झिजते.

मीरारोडकर: मुलीला केलं होतं. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, टाचेचं हाड आणि त्यावरचं हाड यांच्यामधल्या पोकळीत बसवतात, पाय आत कलंडू नये म्हणून. तिथेच दुखायला लागलं, शेवटी काढलं.

पुणेरी_पगडी: भाचा त्यावर फुटबॉल खेळतो! शिवाय काढता येतं हाच तर फायदा. हाड कापायच्या ऑपरेशनात ती सोय कुठे?

मीरारोडकर: काढायलाही पुन्हा भूल द्यावी लागते, काका. ब्रिटनमध्ये उपचार तपासून सल्ला देणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेनेही २००९ मध्ये याचा पुरावा अपुरा म्हटलंय.

पुणेरी_पगडी: २००९! तेव्हा भाचा रांगत होता.

भरतीवाला: इम्प्लांट असेल तर सैन्यभरतीत घेतात का?

फिजिओ_अनघा: भांडण नंतर. ताई, त्याला चवड्यांवर उभं करून मागून बघा. कमान येते का, टाच आत वळते का? तसं झालं तर पाय लवचीक, आणि हे इम्प्लांट त्याच पायासाठी असतं. पोटरी ताठ असेल तर तेही आधी बघायला हवं.

ओवी_ची_आई: आत्ताच बघितलं. उजव्याला छान कमान येते. डावा तसाच सपाट, टाच हलतच नाही. आणि हो, डावाच जास्त मुरगळतो.

फिजिओ_अनघा: हे आधी सांगायचं ना! आत दोन हाडं जोडलेली असू शकतात. तसं असेल तर हे इम्प्लांट डाव्याला चालणार नाही. सीटी स्कॅन झालाय?

ओवी_ची_आई: नाही, नुसता एक्स-रे.

फिजिओ_अनघा: मग तारीख देऊ नका. सीटीचं विचारा आणि मुलांच्या हाडांच्या दुसऱ्या सर्जनला दाखवा.

वाळूतला_राजा: वाळू फुकट आहे, एवढंच म्हणतो.

भरतीवाला: भरतीचं कोणी सांगेल का?